ग्राफ म्हणतो लाइन रिकामी, तरी नेट रोज का अडकतं?

लक्षणं ओळखीची आहेत. रोज साधारण ठरलेल्या वेळी नेट जड होतं. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो, पानं उघडता उघडत नाहीत. कुणीतरी राउटर बंद करून चालू करतं, थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मॉनिटरिंगचा ग्राफ उघडावा तर लाइन जेमतेम पाव भरलेली दिसते. सेवा देणारा सांगतो, आमच्याकडे दोष नाही. मग कुणी म्हणतं हल्ला होतोय, कुणी म्हणतं मोठी लाइन घ्या.

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. असा परत परत येणारा त्रास मिटवायचा तर आधी आपलं मोजमाप तपासायला हवं. ग्राफ नेमकं काय मोजतो, किती वेळाने मोजतो आणि काय मोजतच नाही, हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंधारातला ठरतो. मोजमाप नीट झालं की दोषही सापडतो, आणि सुरक्षेची जी भोकं इतके दिवस नजरेआड होती तीही समोर येतात.

रिस्टार्टच्या आधी

त्रास चालू असताना राउटर रिस्टार्ट केला की पुरावा पुसला जातो. रांगेत साचलेली पॅकेटं (डेटाचे छोटे गठ्ठे) जातात, नॅटचं टेबल (आतल्या सगळ्या उपकरणांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देताना राउटर ठेवतो ती जोडण्यांची यादी) रिकामं होतं, आणि एखाद्या उपकरणात फक्त मेमरीत राहणारा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) असेल तर त्या उपकरणाच्या रिस्टार्टबरोबर तोही जातो. २०१६ मधला मिराई तसाच होता. कॅमेरे आणि राउटर यांच्यात कंपनीने दिलेले पासवर्ड वापरून शिरायचा, मेमरीत बसायचा, रिस्टार्टला नाहीसा व्हायचा आणि पासवर्ड तोच राहिला की परत यायचा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा देणाऱ्या, कंपनीवर झालेल्या हल्ल्यात असलीच उपकरणं वापरली गेली. म्हणून ‘रिस्टार्ट केल्यावर बरं वाटतं’ हा उपाय समजू नका, तो एक धागा समजा.

त्रास चालू असतानाच एवढं लिहून घ्या: सेकंदासह वेळ, राउटरच्या प्रोसेसरवरचा भार, नॅटच्या टेबलातल्या नोंदी आणि त्याची कमाल मर्यादा, आणि बाहेरच्या इंटरफेसचे, म्हणजे इंटरनेटकडच्या जोडणीचे, बाइट, पॅकेट, ड्रॉप (गळालेली पॅकेटं) व एरर हे चारही काउंटर. मिनिटभराने तेच आकडे पुन्हा घ्या. दोन वाचनांतला फरक हाच खरा माल आहे. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, कारण तो राउटर चालू झाल्यापासूनचा साठलेला असतो.

नॅटच्या टेबलाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण रिस्टार्टने तात्पुरत्या बऱ्या होणाऱ्या तक्रारींत त्याचा हात अनेकदा असतो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये प्रत्येक जोडणीची नोंद कनट्रॅक या जोडण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या भागाच्या टेबलात होते. चालू टीसीपी (पोच घेत डेटा पाठवायची पद्धत) जोडणीसाठी लिनक्सची मूळ मुदत ५ दिवस आहे. म्हणजे समोरचं उपकरण नीट निरोप न घेता गेलं, तर ती मेलेली नोंद पाच दिवस जागा अडवून बसू शकते. टेबल भरलं की नवीन जोडण्या नाकारल्या जातात, जुन्या मात्र चालू राहतात. म्हणूनच अशा वेळी चालू असलेला कॉल नीट असतो आणि नवीन पान काही केल्या उघडत नाही. लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशा अर्थाची ओळ सापडली तर मुदत काही तासांवर आणा, मेमरी असेल तर टेबल वाढवा, आणि एवढ्या जोडण्या कोणतं उपकरण उघडतंय ते शोधा. हे शेवटचं काम टाळलं तर वाढवलेलं टेबलही भरेल.

सरासरीत दडलेला त्रास

आता ग्राफकडे येऊ. बहुतेक ठिकाणी दर पाच मिनिटांनी काउंटर वाचला जातो. १०० एमबीपीएसची लाइन घ्या. पाच मिनिटांपैकी १० सेकंद ती काठोकाठ भरली आणि उरलेली २९० सेकंद २० एमबीपीएसवर चालली. सरासरी येते साधारण २३ एमबीपीएस. ग्राफवर तेवढंच दिसणार, आणि त्या दहा सेकंदांत कॉल तुटलेला असणार. ग्राफ आणि तक्रार करणारा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

इंटरनेटचा ट्रॅफिक मुळातच असा उसळ्या मारणारा आहे. लेलँड, टाक्कू, विलिंगर आणि विल्सन या संशोधकांनी बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन कंपनीतल्या इथरनेटवर घेतलेल्या मोजमापांवरून १९९३ मध्ये दाखवून दिलं की सेकंदाच्या अंशांपासून तासांपर्यंत कोणत्याही पट्टीने पाहिलं तरी त्या उसळ्या शिल्लक राहतात. टेलिफोनच्या कॉलसारखं बरेच स्रोत एकत्र आले की रेषा सपाट होईल, ही अपेक्षा इथे फसते. म्हणून त्रासाच्या काळापुरतं तरी काउंटर दर १ किंवा ५ सेकंदांनी वाचा. कायम इतक्या बारकाईने नोंद ठेवायची गरज नाही. आठवडाभर पुरे.

जुना डेटा पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आरआरडीटूलसारखी ग्राफ काढणारी साधनं जुन्या नोंदी दाबून त्यांची सरासरी ठेवतात. महिन्यापूर्वीचं शिखर आज बघाल तर ते बुटकं झालेलं असतं. सरासरीबरोबर कमाल आकडाही साठवायचा पर्याय त्यात आहे. तो सुरुवातीलाच चालू करावा लागतो, मागून दाबलेल्या डेटातून शिखर परत मिळत नाही.

९५ व्या पर्सेंटाइलवर (वरची ५ टक्के वाचनं सोडून उरलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा) विसंबणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. ३० दिवसांत पाच-पाच मिनिटांची ८,६४० वाचनं होतात. वरची ५ टक्के काढून टाकायची म्हणजे ४३२ वाचनं, म्हणजेच ३६ तास. रोज बरोबर एक तास लाइन तुंबत असेल तर महिन्याचे ३० तास झाले. हे सगळेच्या सगळे कापल्या जाणाऱ्या भागात बसतात! बिल ठरवायला हा आकडा ठीक आहे. ‘लाइन पुरते का’ या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘हो’ असं आलं, तरी रोजचा एक तास कुणीतरी हैराण असू शकतं.

११४ वर टेकलेली रेषा

लाइन मोठी केल्यावर ग्राफ बिघडला असेल तर हे नक्की तपासा. एसएनएमपीचे, म्हणजे राउटरकडून आकडे मागवायच्या पद्धतीचे, जुने बाइट काउंटर ३२ बिटांचे असतात. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की ते शून्यावर येतात. १०० एमबीपीएसने पूर्ण भरलेल्या लाइनवर याला ३४३ सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या वाचनात ते कसंबसं निभावतं. १ जीबीपीएसवर अवघ्या ३४ सेकंदांत फेरा पूर्ण होतो. दोन वाचनांच्या मध्ये काउंटर कितीदा फिरला हे साधनाला कळायला काहीच मार्ग नसतो, त्यामुळे ते फार तर एक फेरा धरतं.

याची खूण सोपी आहे. पाच मिनिटांत ३२ बिटांचा काउंटर जास्तीत जास्त सुमारे ११४ एमबीपीएस दाखवू शकतो. मोठ्या लाइनचा ग्राफ कधीच ११४ च्या वर जात नसेल आणि गर्दीच्या वेळी उलटा खाली कोसळत असेल, तर आकडे टाकाऊ आहेत. ६४ बिटांचे ‘एचसी’ काउंटर वापरा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ते मिळतच नाहीत, दुसरी किंवा तिसरी लागते. इथेच सुरक्षेचाही मुद्दा येतो: पहिल्या दोन प्रचलित आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे व्यवहारात पासवर्डच, उघड्या मजकुरात जातो. ‘पब्लिक’ हा मूळ शब्द अजून तसाच असेल तर आज बदला. जमल्यास तिसरी आवृत्ती एन्क्रिप्शनसह वापरा, आणि एसएनएमपी फक्त मॉनिटरिंगच्या यंत्रालाच दिसेल असा फायरवॉलचा नियम लावा.

येणारं पाहिलं, जाणारं पाहिलंत का?

ग्राफवर लोक डाउनलोडची रेषा बघतात. अपलोड बऱ्याच लाइनवर कितीतरी लहान असतं आणि भरतं तेच आधी. अपलोड भरलं की डाउनलोडही रेंगाळतं, कारण आलेल्या डेटाची टीसीपी पोच त्याच तुंबलेल्या वाटेने बाहेर जायची असते. त्यात राउटर किंवा मोडेमचा बफर मोठा असेल तर पॅकेट गळत नाही, नुसतं थांबून राहतं. ड्रॉपचा काउंटर शून्य आणि पिंग (पॅकेटला जाऊन-येऊन लागणारा वेळ) मात्र २० मिलिसेकंदांवरून शेकड्यांत. याला बफरब्लोट म्हणतात.

तपासायचं असं: एकीकडे सतत पिंग चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल वर चढवा. पिंग उसळलं आणि अपलोड थांबवताच जागेवर आलं, तर निदान झालं. उपाय म्हणून राउटरवर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत लावा (२०१८ च्या आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती नोंदलेली आहे) आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या अपलोडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग मोडेमऐवजी तुमच्या ताब्यात येते. मोठी लाइन घेण्याआधी हे करून बघा असं मी आग्रहाने सांगेन.

बाइट कमी, पॅकेटं बेसुमार

दुसरा आंधळा कोपरा पॅकेटांचा. १ जीबीपीएसच्या इथरनेटवर पूर्ण मोठ्या फ्रेम (तारेवरून जाताना पॅकेटला मिळणारं रूप) धावल्या तर सेकंदाला ८१ हजारांच्या आसपास जातात. ६४ बाइटच्या लहान फ्रेम असतील तर तब्बल १४,८८,०९५. राउटरला प्रत्येक पॅकेटमागे काम पडतं, त्यामुळे लहान पॅकेटांचा मारा झाला की लाइन रिकामी असतानाच प्रोसेसर टेकीला येतो. बिटांच्या ग्राफवर यातलं काही उमटत नाही.

म्हणून पॅकेटांचा वेगळा ग्राफ काढा आणि बाइट भागिले पॅकेट हा सरासरी आकार त्याच्या खाली लावा. डाउनलोड चालू असताना तो हजाराच्या वर असतो. जी.७११ या आवाजाच्या साध्या पद्धतीने चाललेल्या कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांना २०० बाइटचं पॅकेट जातं. आकार अचानक ६०-७० वर आला आणि पॅकेटं दहापट झाली, तर कुणीतरी स्कॅन करतंय, म्हणजे उघडी दारं शोधतंय, किंवा पॅकेटांचा पूर येतोय. आणि ते आतून बाहेर जात असेल तर तुमच्याच नेटवर्कमधलं एखादं उपकरण ते करतंय.

कोण करतंय हे

काउंटर किती ते सांगतो, कोण ते सांगत नाही. त्यासाठी फ्लोच्या, म्हणजे एकेका जोडणीच्या, नोंदी लागतात: नेटफ्लो, आयपीफिक्स किंवा एसफ्लो. कुठून, कुठे, कोणत्या पोर्टवर (उपकरणावरच्या सेवेचा क्रमांक), किती पॅकेटं, किती बाइट, कधीपासून कधीपर्यंत. मजकूर त्यात नसतो, त्यामुळे रोजच्या तपासाला पॅकेट पकडण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त योग्य वाटतो.

फ्लोचेही दोन सापळे आहेत. लांब चालणाऱ्या जोडणीची नोंद ॲक्टिव्ह टाइमआउट संपल्यावर बाहेर येते. सिस्कोच्या अनेक राउटरवर तो मुळात ३० मिनिटांचा असतो, म्हणजे अर्ध्या तासाचा डेटा एकाच क्षणी आल्यासारखा दिसून ग्राफवर खोटा सुळका उभा राहू शकतो. तो १ मिनिटावर आणा. दुसरा सापळा सॅम्पलिंगचा. हजारात एक पॅकेट घेत असाल तर मोठे वापरकर्ते बरोबर सापडतात, पण एकेका पत्त्यावर एकच पॅकेट टाकत जाणारा स्कॅन बहुतांशी निसटतो. शक्य असेल तिथे तपासापुरतं सॅम्पलिंग बंद ठेवा. आणि फ्लोची तासाची बेरीज इंटरफेस काउंटरशी ताडून पाहा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर काहीतरी मोजलंच जात नाहीये. अनेकदा ते आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असतं.

सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) जुळलेली हवीत, आणि लॉग एकाच वेळेत, शक्यतो यूटीसी या जागतिक वेळेत. दोन मिनिटांचा फरक असला तरी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

आता नमुन्यांकडे पाहा. माणसांच्या वापराला चढ-उतार असतो: सकाळी हळूहळू चढतो, रात्री उतरतो, सुट्टीला बदलतो. तासाच्या ठोक्याला, बरोबर शून्य मिनिटावर, उभी भिंत दिसली तर ते क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, चालवलेलं काम असतं. बॅकअप, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वर पाठवणं, फाइलींचं सिंक. रोज ठरलेल्या वेळी नेट अडकण्यामागे हेच सर्वांत आधी तपासा. सगळी कामं एकाच मिनिटावर लावलेली असतात. ती विखुरली आणि त्यांच्या वेगाला मर्यादा घातली की बहुतेक तक्रारी तिथेच संपतात.

काही नमुने मात्र काळजीचे. आतलं एक उपकरण बाहेरच्या असंख्य पत्त्यांवर टीसीपीच्या २३ आणि २३२३ या पोर्टांवर जोडू पाहतंय: मिराईच्या वळणाचा स्कॅन. मिराई दर दहा प्रयत्नांत साधारण एकदा २३२३ वापरायचा, आणि हे प्रमाण फ्लोमध्ये डोळ्यांत भरतं. ठरावीक अंतराने एकाच पत्त्याकडे जाणारी लहान जोडणी संशयास्पद असते, पण लगेच आरोप करू नका. एनटीपी क्लायंट नेमका ६४ सेकंदांपासून १,०२४ सेकंदांपर्यंतच्या टप्प्यांनी विचारणा करतो, अपडेट तपासणारी सॉफ्टवेअरंही तितकीच नियमित असतात. पत्ता कुणाचा, पोर्ट कोणता, हे उपकरण तिथे जायचं काही कारण आहे का, हे तीन प्रश्न आधी.

एक नमुना जवळून दाखवतो. फ्लोमध्ये आतल्या एका उपकरणाकडून बाहेर यूडीपी (पोच न घेता पाठवलेला डेटा) जातोय, स्रोत पोर्ट १२३. वरवर पाहता घड्याळ जुळवणं. पण साध्या एनटीपीत जेवढं बाहेर जातं साधारण तेवढंच परत येतं, आणि टीसीपीडम्प या पॅकेट पकडणाऱ्या साधनात प्रत्येक पॅकेटची लांबी ४८ बाइट दिसते. इथे आत येणारे बाइट चिमूटभर, बाहेर जाणारे शेकडो पट, आणि लांबी ओळीने ४४०, ४४०, ४४०. ही मॉनलिस्टची, म्हणजे एनटीपी सर्व्हरकडे अलीकडे कोण आलं त्याची यादी मागणाऱ्या आदेशाची, उत्तरं. बाहेरून कुणीतरी भलत्याच्याच पत्त्याच्या नावाने लहानशी विचारणा पाठवतं आणि तुमचं उपकरण त्या बिचाऱ्यावर मोठ्या उत्तरांचा भडिमार करतं. सुरक्षादोषांच्या जाहीर यादीत हा दोष सीव्हीई-२०१३-५२११ म्हणून नोंदला आहे. डीएनएसच्या ५३, एसएसडीपीच्या (उपकरणांनी एकमेकांना शोधायची पद्धत) १९०० आणि मेमकॅशच्या (मेमरीत डेटा साठवणारा सर्व्हर) ११२११ या पोर्टांवरही हाच प्रकार होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या साइटवर १.३५ टेराबिट प्रति सेकंदाचा मारा झाला तो उघड्या मेमकॅश सर्व्हरांतूनच. तुमचं नेट मंद होणं हा अशा वेळी दुय्यम त्रास असतो. तुमच्या लाइनवरून दुसऱ्याचं नुकसान चाललेलं असतं, म्हणून हे उद्यावर टाकू नका.

सापडल्यावर

ते उपकरण आधी वेगळं काढा, मग दुरुस्त करा. नेटवर्कपासून तोडून फर्मवेअर अद्ययावत करायचं, पासवर्ड बदलायचा, मगच परत जोडायचं. जोडलेल्या अवस्थेत नुसतं रिस्टार्ट केलं तर पासवर्ड बदलायच्या आत ते पुन्हा बाधित होऊ शकतं. कॅमेरे, प्रिंटर, टीव्ही असल्या उपकरणांना वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) द्या. राउटरवरचं यूपीएनपी (उपकरणांना राउटरमध्ये स्वतःहून दार उघडू देणारी सोय) बंद करा. आतल्या उपकरणाने परस्पर उघडलेली दारं याच वाटेने येतात. डीएनएस रिझॉल्व्हर फक्त आतल्यांना उत्तर देईल असं पाहा.

एक नियम प्रत्येक नेटवर्कच्या कडेला असावा असं मला मनापासून वाटतं: स्रोत पत्ता तुमचा नसलेलं पॅकेट बाहेर जाऊ देऊ नये. बीसीपी ३८ ही शिफारस, म्हणजे आरएफसी २८२७, हेच सांगतं आणि ते मे २००० पासून उपलब्ध आहे. खोट्या पत्त्यावर उभे असलेले वरचे सगळे हल्ले या एका नियमाने मुळाशी अडतात, अट इतकीच की तो सगळीकडे लागायला हवा.

घाबरून आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट बंद करण्याचा मोह मात्र आवरा. ‘पॅकेट खूप मोठं आहे’ हा निरोप आयसीएमपीनेच येतो. तो अडवला की लहान पानं उघडतात, मोठ्या फाइल मध्येच लटकतात, विशेषतः १,४९२ बाइटची मर्यादा असलेल्या पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) लाइनवर. आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत, तिथे या निरोपाशिवाय चालतच नाही. आणि फायरवॉलचे नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहिलेत का, तेही याच बैठकीत बघून घ्या. एक दार बंद करून शेजारचं सताड उघडं राहिल्याचं मी फार ठिकाणी पाहतो.

पॅकेट पकडायचीच वेळ आली तर फक्त आपल्या जबाबदारीच्या नेटवर्कवर, वापरणाऱ्यांना सांगून, आणि पहिले ९६ बाइट एवढीच मर्यादा घालून पकडा. हेडर (पत्ते, पोर्ट असलेला सुरुवातीचा भाग) त्यात येतात, लोकांचा मजकूर बहुतांशी बाहेर राहतो. डीएनएसच्या प्रश्नांतून मात्र कोण कुठे जातं ते एवढ्यातही दिसतं, तेव्हा फाइल कुलपात ठेवा आणि काम झालं की पुसून टाका.

उपाय लागू पडला का, हे पाहायला सोमवारची तुलना सोमवारशीच करा, रविवारशी नको. किमान पूर्ण आठवडा जाऊ द्या, आणि एका वेळी एकच बदल करा. दोन एकत्र केले की गुण कुणाचा ते कळत नाही. बिट, पॅकेट, पिंगची कमाल आणि नॅटच्या नोंदी, या चार रेषा एकाखाली एक ठेवल्या की पुरतं.

एवढं करूनही दोष लाइनचाच निघाला तर सेवा देणाऱ्याकडे जाताना यूटीसी वेळा, पाच सेकंदांचा ग्राफ आणि त्याच वेळी घेतलेला एमटीआरचा (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणारं साधन) अहवाल द्या, शक्य असल्यास दोन्ही टोकांकडून. एमटीआर वाचताना मधल्याच एखाद्या टप्प्यावर ४० टक्के गळती दिसली आणि पुढचे टप्पे स्वच्छ असले तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. तो राउटर स्वतःच्या उत्तरांना कमी महत्त्व देतो, पुढे जाणारी पॅकेटं नीट जात असतात. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकली, तर तो टप्पा तक्रारीत लिहा.